एक घंटी थांब, दोन घंट्या चल

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सकाळी सव्वासहाला फिरायला येणारी माणसं असतात, कुत्री असतात आणि गाडी शिकणारे असतात. मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी या सगळ्यांच्या देखत माझ्या धाकट्या बहिणीने भर रस्त्यात गाडी बंद केली, किल्ली काढून माझ्या मांडीवर टाकली आणि उतरून चालायला लागली. घर तिथून पाचेक किलोमीटर. पायात स्लीपर.

मी खिडकीतून ओरडले, "अगं, गाडी अशी मधात सोडून कुठं चालली?"

ती वळली नाही. "तूच ने. तुलाच येते ना सगळं!"

त्याआधीच्या वीस मिनिटांत मी तिला काय काय म्हटलं होतं, ते नंतर आठवून बघितलं. 'क्लच, क्लच, अगं क्लच!' दहा-बारा वेळा. 'डोळे कुठे आहेत तुझे?' दोनदा. 'एवढं साधं कळत नाही?' एकदा. शेवटचं वाक्य होतं, 'गाडी आपली आहे, सरकारची नाही.'

मी पुण्यात नोकरी करते. आमच्या ऑफिसात एखादा क्लायंट फारच भडकला की फोन माझ्याकडे देतात, कारण माझा आवाज चढत नाही अशी माझी ख्याती आहे. मग एका आल्टोच्या डाव्या सीटवर बसल्यावर मला काय झालं?

नंतर मैत्रिणींना विचारलं. कुणाला नवऱ्याने शिकवली होती, कुणाला भावाने, कुणाला काकाने. प्रत्येकीकडे किल्ली फेकल्याची, रडल्याची किंवा 'आता शिकायचीच नाही' म्हटल्याची एक तरी गोष्ट होती. तुमच्याही घरात असेल. एरवी शहाणी असलेली माणसं गाडी शिकवतानाच अशी का होतात, हा प्रश्न मला इतका छळायला लागला की मी त्याचा इतिहास खोदायला बसले. खोदकाम फार लांब करावं लागलं नाही. सुरुवात घरातूनच झाली.

डाव्या सीटवर ब्रेक नसतो

मी गाडी शिकले सत्ताविसाव्या वर्षी, पुण्यात, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. शिकवणारे सर तळहातावर तंबाखू मळत बसायचे. भर सिग्नलला मी तीनदा गाडी बंद पाडली, मागचे हॉर्न वाजवून वेडे झाले, तरी सर म्हणायचे, "होतं मॅडम. परत लावा." मला वाटायचं, हा माणूस संत आहे.

संत वगैरे काही नाही. त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दुहेरी नियंत्रण लागतं, म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडल. हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास, हेही त्याच नियमांत आहे. मी चुकले तर सर पाय दाबणार होते. ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे, त्याला तोंड वापरायची गरज पडत नाही.

घरी शिकवणाऱ्यालाही कायदा विसरलेला नाही. लर्निंग लायसन्सवाल्याच्या शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो अशा जागी बसलेला हवा की त्याला गाडी ताब्यात ठेवता येईल किंवा थांबवता येईल. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. त्या 'एल'ची मापंसुद्धा दिलेली आहेत: पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. आपल्याकडे बहुतेक जण हा 'एल' लाल चिकटपट्टीने काचेवर चिकटवतात. आम्हीही तेच केलं होतं.

आता घरच्या आल्टोत डावीकडे बसलेल्या माणसाला गाडी थांबवायला काय आहे? हँडब्रेक आहे, स्टिअरिंगकडे झेप घेता येते, आणि तोंड आहे. पहिली दोन साधनं वापरायला धीर होत नाही, म्हणून तिसरं सुटतं. जबाबदारी पूर्ण, ताबा शून्य. माणूस घाबरलेला असतो, आणि आपण घाबरलोय हे मोठ्या बहिणीला कबूल करता येत नाही, म्हणून ते रागाच्या वेषात बाहेर पडतं.

गंमत म्हणजे हा तोंडाचा ब्रेक लागतही नाही. कुणी कानाशी ओरडलं की शिकणारा आखडतो आणि पाय जिथे आहे तिथेच घट्ट दाबला जातो. तो पाय अॅक्सिलरेटरवर असेल तर पुढचं सांगायला नको.

इथपर्यंतचं माझं मला उमगलं. पण याने ओरडण्याचं कारण कळलं, ओरडण्यातले शब्द कळले नाहीत. 'गाडी सरकारची नाही' हे वाक्य माझं नव्हतंच. ते बाबांचं होतं.

किलिंडर आणि उस्ताद

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. १९८६ ला लागले, २०१८ ला निवृत्त झाले. आम्हा दोघी बहिणींना त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. पण आमच्या चुलतभावाला त्यांनी शिकवलं होतं, पोस्टल ग्राउंडवर, कुणाची तरी जीप मागून आणून. मी तेव्हा दहा वर्षांची. ग्राउंडच्या कडेला उभी राहून सगळं ऐकत होते. गाडी मला कुणी शिकवली नाही. ओरडणं मात्र फुकटात शिकून घरी आले.

बाबा स्वतः शिकले ट्रकवर. १९७६ साली, सोळाव्या वर्षी, यवतमाळच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर ते किलिंडर म्हणून लागले. क्लीनर हा शब्द आमच्याकडे कुणी तसा उच्चारत नाही. किलिंडरने चाकाखाली दगड लावायचा, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, टायर खोलायचा, काच पुसायची, स्टोव्हवर उस्तादचा स्वयंपाक करायचा, रात्री गाडीखाली किंवा टपावर झोपायचं. शिकवणी अशी नसायचीच. उस्तादचे पाय बघायचे. दोन-अडीच वर्षांनी कधी रात्री रस्ता मोकळा असला आणि उस्तादला डुलकी लागली, तर तो म्हणायचा, "धर जरा." ती पहिली शिकवणी.

ही पद्धत ट्रकवाल्यांनी शोधलेली नाही. यवतमाळकरांना तिचं मूळ रोज दिसत होतं. आमची शकुंतला, यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी अडीच फुटी नॅरोगेज, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची लाइन. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ पासून या मार्गावर राबलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. सत्तर वर्षांहून अधिक. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर व्हायचं तर शिडी ठरलेली असायची. आधी क्लीनर, इंजिन पुसणारा आणि तेलपाणी करणारा. मग फायरमन, कोळसा टाकणारा. मग काही वर्षांनी, नशीब असेल तर ड्रायव्हर. जो हुद्दा रेल्वेत शिडीची पहिली पायरी होता, तोच शब्द ट्रकवरही पहिली पायरी झाला. फ्रेंचमध्येही असंच घडलं. 'शोफर' म्हणजे मुळात भट्टी पेटवणारा. इंजिनापुढे कोळसा टाकणाऱ्याचा शब्द मोटार चालवणाऱ्याला चिकटला आणि पुढे श्रीमंतांच्या गाड्यांत टोपी घालून बसला.

या शिडीवर वरचा खालच्याला मारायचा. बाबांच्या डाव्या कानामागे एक छोटा व्रण आहे. लहानपणी आम्हाला सांगितलं होतं की झाडावरून पडलो. यंदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "उस्तादनं पाना फेकला होता. गिअर वाजवला म्हणून."

गिअर वाजवणं म्हणजे काय, हे आपल्याला आता कळणार नाही, म्हणून सांगते. गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. गिअर बदलायचा म्हणजे फिरणाऱ्या दोन भागांचे दाते एकमेकांत अडकवायचे. दोघांची गती जुळली नसेल तर दात दातावर घासतो आणि कर्रर्र आवाज येतो. आजच्या गाड्यांत ही गती जुळवायला 'सिंक्रोमेश' नावाची सोय असते. दाते अडकण्याआधी एक कडं घासून दोघांना एका चालीवर आणतं. कॅडिलॅकने ही सोय १९२८ साली गाडीत आणली. जुन्या ट्रकमध्ये ती नव्हती. तिथे हे काम ड्रायव्हरच्या पायाला करावं लागे. क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, गिअर उतरवायचा असेल तर अॅक्सिलरेटरला टिचकी मारा, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर टाका. याला डबल क्लच म्हणतात. हे सगळं घाट उतरताना, मागे टनावारी गाठी असताना, कानाने इंजिनाची गती ओळखून करायचं.

चुकलं तर गिअर पडतच नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये उताराला लागते. म्हणजे उस्तादची भीती खोटी नव्हती. गिअरचे दाते तुटले तर मालक पैसे कापणार, हेही खरं. इंजिनाचा आवाज इतका की ओरडल्याशिवाय ऐकू जाणार नाही, हेही खरं. एका जिवावर बेतणाऱ्या, महागड्या, माफी नसलेल्या यंत्रात जन्मलेली ही शिकवण्याची भाषा होती.

फेकलेला पाना मात्र त्यात बसत नाही. पान्याने कुणाचा डबल क्लच सुधारत नाही. तो उस्तादलाही कुणीतरी मारला असेल, एवढंच त्यातून कळतं.

आणि आमच्या आल्टोत सिंक्रोमेश आहे. इंजिनाचा आवाज कुजबुजीएवढा आहे. रस्ता एमआयडीसीचा, सपाट, मोकळा. गाडी बदलली, रस्ता बदलला, शिकणारी माझी सख्खी बहीण. तरी पन्नास वर्षांपूर्वी एका ट्रकच्या केबिनमध्ये उच्चारलेले शब्द मी लोहाऱ्यात उच्चारत होते.

ओरडण्याची घंटी कशी झाली

बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण एसटीत कोणी ओरडत नव्हतं." आणि त्यांनी मला घंटीची गोष्ट सांगितली.

आपल्या एसटीचा वाढदिवस १ जून. १९४८ साली त्या दिवशी पुणे ते अहमदनगर पहिली बस धावली. चालक होते किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. आम्ही विदर्भवाले या वाढदिवसाला जरा उशिरा आलेले पाहुणे. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, नागपूर त्याची राजधानी होती, आणि आमच्याकडच्या प्रवाशांना सी. पी. ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेससारख्या कंपन्यांच्या मोटारी माहीत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि मग लाल गाडी आमचीही झाली.

या लाल गाडीत छताला लागून एक दोरी असायची, ती ड्रायव्हरच्या डोक्याजवळच्या घंटीला बांधलेली. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. साठ-सत्तर माणसं, कोंबड्या, पोती, रडणारी पोरं, आणि त्या गोंगाटात कंडक्टर-ड्रायव्हरचा सगळा संवाद त्या दोरीवर चालायचा.

मी बाबांना विचारलं, कंडक्टर सरळ ओरडून का सांगत नव्हता?

"ओरडला का ड्रायव्हर मागं पाह्यते," बाबा म्हणाले. "ड्रायव्हरनं मागं पाह्यलं का गेली गाडी."

मला हे वाक्य ऐकून लोहाऱ्यातली सकाळ आठवली. मी ओरडले की बहीण रस्ता सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती.

घंटीत राग भरता येत नाही. 'डोळे कुठे आहेत' असं घंटीला म्हणता येत नाही. ती फक्त काय करायचं ते सांगते. तू कशी आहेस, ते सांगत नाही.

मग मी मनात असलेला दुसरा प्रश्न विचारला. आम्हाला का नाही शिकवलं?

बाबांनी आधी 'तेव्हा पोरींना कोण शिकवत होतं' असं म्हणून बघितलं. खरं तर पोरी कधीच्या शिकत होत्या. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका आईने केला आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली तीनचाकी घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फॉर्झहाइमला गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीच्या पिनेने ती साफ केली. चढावर गाडी दम टाकायची तेव्हा मुलं उतरून ढकलायची. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून १९०५ सालच्या सुझान टाटांचं नाव घेतलं जातं, त्या जे. आर. डी. टाटांच्या आई. त्या श्रीमंत होत्या, असं कुणी म्हणेल. तर परभणीच्या शीला डावरे घ्या. त्या पुण्यात आल्या आणि १९८८ पासून रिक्षा चालवू लागल्या. बाबा एसटीत लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

आणि एसटीतच बघा. २०१९ साली महामंडळाने बसचालक म्हणून महिलांची निवड केली. त्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी मुलीही होत्या. मध्ये कोरोना आला, प्रशिक्षण लांबलं. जून २०२३ मध्ये सासवड आगाराची बस घेऊन अर्चना अत्राम निघाल्या तेव्हा तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला. बाबांनी तो डोळ्याजवळ धरून चारदा बघितला. "अत्राम म्हणजे आपल्याकडचीच दिसते," म्हणाले. मग हळूच, "गिअर चांगला टाकला पोरीनं."

हे मी त्यांना आठवण करून दिलं. तेव्हा खरं उत्तर आलं. "मला शिकवायची एकच रीत माहीत होती. ती तुमच्यावर चालवायची नव्हती."

याला चांगुलपणा म्हणायचं की पळवाट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मारायचं नाही म्हणून त्यांनी शिकवलंच नाही. मधला रस्ता असतो, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं, घंटी रोज डोक्यावर वाजत असूनही.

दारात उभी गाडी

आता बहिणीकडे परत येते, कारण ती त्या दिवशी स्लीपर घालून चालत निघाली होती.

मी गाडी तिच्या मागे हळूहळू नेली. अर्धा किलोमीटर ती चालली, मी पहिल्या गिअरमध्ये. शेवटी एका बंद कारखान्याच्या फाटकापाशी थांबली आणि मागच्या सीटवर येऊन बसली. पुढे नाही.

ती शिक्षिका आहे, आर्णी रोडवरच्या एका गावात तिसरीला शिकवते. म्हणाली, "मी माझ्या पोरांवर असं ओरडली असती तर दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग आला नसता."

मी म्हटलं, "तू लक्ष देत नाहीस."

मग ती बोलली. बाबांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं गेलं आहे. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला हे सांगताना त्या खोलीत ती होती, मी नव्हते. मी पुण्याहून 'काळजी घ्या' म्हटलं होतं. आणि पावसाळ्यात एका रात्री बाबांचा डोळा इतका दुखायला लागला की ते उलट्या करायला लागले. दारात गाडी उभी होती. घरात तिघं होते: एक, ज्यांना चालवता येत होती पण दिसत नव्हतं, दोन, ज्यांना दिसत होतं पण चालवता येत नव्हती. ऑटोवाल्याचा फोन लागेपर्यंत आणि तो येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. ती गाडीला टेकून रस्त्याकडे बघत उभी होती.

"हे मला का नाही सांगितलं?"

"सांगून तू काय करणार होती? पुण्याहून क्लच दाबणार होती?"

मी तिला गाडी शिकवत होते, आणि भांडण गाडीवरून चाललंच नव्हतं. भांडण होतं, कोण घर सोडून गेलं आणि कोण राहिलं, याचं. क्लचचा आवाज फक्त वर येत होता. ती चुकली की मला वाटायचं, हिला येत नाही म्हणून मला पुणं सोडावं लागेल. मी ओरडले की तिला वाटायचं, ही दोन महिन्यांतून चार दिवस येते आणि मालकिणीसारखी वागते. दोघींचंही खोटं नव्हतं.

त्या सकाळी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. गाडीत असताना फक्त गाडीबद्दल बोलायचं. बाकीचं सगळं, अगदी सगळं, घरी चहा झाल्यावर, आणि ते टाळायचं नाही. पुढचे पंधरा दिवस रोज चहानंतर आम्ही भांडलो. आईने एकदा स्वयंपाकघरातून विचारलं, "काऊन भांडून राहिल्या वो पोरींनो सकाळी सकाळी?" पण गाडीत शांतता आली, कारण भांडणाला त्याची वेळ मिळाली होती. हिशेबही झाले. नागपूरच्या तपासणीचा खर्च कोण देणार, दिवाळीशिवाय मी कधी येणार, बाबांचे थेंब कोण बघणार. त्यातले काही मिटले, एक-दोन अजून मिटलेले नाहीत.

गाडीतली सोय बाबांनी केली. ते मागच्या सीटवर बसू लागले. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, आता हे ओरडणार. त्यांनी डोळे मिटले आणि पुढच्या सीटच्या पाठीवर बोटाने वाजवलं. टक टक. चल.

नंतर मीही तेच केलं. डॅशबोर्डवर एक टिचकी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गिअर कधी बदलायचा हे बाबा इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचे आणि नुसतं 'हं' म्हणायचे. ज्या माणसाला कडेचा रस्ता दिसत नव्हता, त्याला इंजिन आमच्या दोघींपेक्षा स्वच्छ ऐकू येत होतं. डबल क्लच शिकलेले कान ते.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही करळगावच्या घाटात गेलो. मधोमध चढावर पुढचा ट्रॅक्टर थांबला, कापसाने भरलेला. बहिणीला थांबावं लागलं. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं हे शिकणाऱ्याचं सगळ्यात मोठं भय. मागे एक काळी-पिवळी येऊन चिकटली. ट्रॅक्टर हलला. बहिणीने क्लच सोडला, गाडी थरथरली, बंद पडली आणि हातभर मागे सरकली. माझ्या तोंडात सगळे शब्द तयार होते. मी तोंड दाबून धरलं आणि डॅशबोर्डवर एकदा वाजवलं. तिने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. काळी-पिवळीवाला हॉर्न वाजवत होता.

मागून बाबा म्हणाले, "वाजवू दे त्याले. त्याची घंटी आपली नाही."

तिने गाडी सुरू केली. क्लच हळू सोडत आणला, जिथे गाडीचं नाक जरासं उचललं जातं तिथे धरला, हँडब्रेक सोडला. गाडी मागे गेली नाही. टक टक.

डिसेंबरात तिने परीक्षा दिली आणि पास झाली. मी पुण्याला परतले. जानेवारीत बाबांची नागपूरला तपासणी होती. कळंबपर्यंत ती आधी दोनदा जाऊन आली होती; या वेळी कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी असा पूर्ण रस्ता, दीडेकशे किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघाले. आठ वाजता मी फोन केला, तिने उचलला नाही. नऊ वाजता केला, उचलला नाही. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून पुन्हा लावणार होते. मग लक्षात आलं, मी पुण्याहून ओरडायलाच निघाले होते. फोन खिशात ठेवला.

पावणेअकराला मेसेज आला. 'पोचलो. बाबांनी पूर्ण रस्त्यात दोनदाच थांबायची घंटी वाजवली. एकदा म्हशी होत्या. एकदा चहासाठी.'